कुणाच्या हाताखाली?

प्लेसमेंट लागल्याचं सांगायला घरी फोन केला, तेव्हा वडिलांनी एवढंच विचारलं, "कुणाच्या हाताखाली आहेस?" मी कंपनीचं नाव सांगितलं. "ते कळलं की. पण माणूस कोण?" यावर मला काही सांगता येईना. अंधेरीला मोठं ऑफिस आहे, दोन मालिका चालू आहेत, असं काहीतरी बोलून मी विषय बदलला. वडील कोल्हापुरात गुजरीत सोन्याचे कारागीर. पंधराव्या वर्षी एका कारागिराच्या शेजारी बसून ते डाग द्यायला शिकले. त्यामुळे त्यांच्या दृष्टीनं काम शिकणं म्हणजे कुठल्यातरी एका माणसाच्या हाताखाली बसणं. कंपनीच्या हाताखाली कुणी बसू शकतं, हे त्यांना पटणं शक्यच नव्हतं. त्यांचंच खरं होतं, आणि ते समजायला माझं एक सत्र वाया गेलं.

२०१४ चा उन्हाळा. चित्रपट आणि टेलिव्हिजनच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचं माझं पहिलं वर्ष संपलं होतं. एडिटिंग हा माझा विषय. सहा आठवड्यांची प्लेसमेंट पूर्ण केल्याशिवाय पुढचे गुण मिळणार नव्हते. एका सीनियरच्या ओळखीनं ही जागा मिळाली. मुलाखत फोनवरच झाली, ती पाच मिनिटांत उरकली. "सोमवारपासून ये," एवढंच सांगितलं गेलं. पत्र नाही, ईमेल नाही. पगाराचा प्रश्नच नव्हता, दुपारचं जेवण मात्र मिळायचं. मी ओशिवऱ्याला चौघींत एक खोली घेतली आणि महिन्याचं भाडं घरून मागवलं.

पहिले चार दिवस मी एडिटरच्या मागे उभी राहून बघत होते. पाचव्या दिवशी डेटा बघणारा मुलगा नोकरी सोडून गेला आणि त्याची खुर्ची मला मिळाली. त्या क्षणी मला अभिमान वाटला. आज विद्यार्थ्यांना हेच पहिलं सांगते: पगारी माणूस गेला आणि त्याची जागा तुम्हाला दिली, तर ती बढती समजू नका. त्या दिवसापासून तुमचं शिक्षण थांबलेलं असतं.

काम काय होतं ते सांगते, कारण बाहेरून ते फार सोपं दिसतं. मालिकेचं शूटिंग घोडबंदर रोडच्या एका बंगल्यात चालायचं. पॅकअप झालं की युनिटचा मुलगा बाइकवरून मेमरी कार्ड घेऊन यायचा, बहुतेक वेळा रात्री एकच्या पुढे. प्रत्येक कार्डावर रंगीत कागदी टेप, सोबत एक डेटा शीट: कार्ड क्रमांक, सीन, किती क्लिप. मी कार्ड मशीनला लावायचे, क्लिप एका डिस्कवर उतरवायचे, त्या डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर, आणि कार्ड रिकामी करून सकाळी सहाच्या आत परत पाठवायचे. आठवड्याचे सहा दिवस रोज साधारण बावीस मिनिटांचा भाग चॅनेलला द्यायचा असतो. बँकेत, म्हणजे तयार भागांच्या साठ्यात, दोन-तीन भाग शिल्लक असले तर नशीब. म्हणून ती कार्डं थांबवण्याची कुणालाच सवड नसते.

यातल्या तीन गोष्टी मुळातच चुकीच्या होत्या आणि मला त्यातली एकही माहीत नव्हती. दोन्ही प्रती मूळ कार्डावरून घ्यायच्या असतात. मी प्रतीची प्रत घेत होते, त्यामुळे पहिल्या प्रतीत जे नाही ते दुसरीतही नव्हतं. उतरवलेली प्रत मूळ कार्डाशी ताडून बघणारं चेकसमचं सॉफ्टवेअर असतं. आमच्याकडे माउसनं ओढून टाकणं एवढीच पद्धत होती. आणि कार्ड ऑफिसात रिकामं करायचंच नसतं. डेटा नीट उतरला असा निरोप गेल्यावर कॅमेरा विभागानं ते आपल्या कॅमेऱ्यात फॉरमॅट करायचं असतं.

विसाव्या की एकविसाव्या रात्री हळदीच्या सीनची कार्डं आली. सगळं कुटुंब एका चौकटीत, एक पाहुणी अभिनेत्री, तिचा तो शेवटचा दिवस. हिरव्या टेपच्या कार्डाची टेप अर्धी निघालेली होती, ते आजही डोळ्यांसमोर आहे. कॉपी होताना मध्येच खिडकी बंद झाली. मी पुन्हा लावलं, झालं असं वाटलं, पुढचं कार्ड घेतलं. सगळी कार्डं रिकामी केल्यावर शीट फाइलला लावताना नजर गेली. शीटवर १२१ क्लिप होत्या. फोल्डरमध्ये ११८.

घड्याळात पाच वाजून वीस मिनिटं झाली होती. तेव्हाही सगळं वाचवता आलं असतं. कार्ड रिकामं केलं म्हणजे त्यातला मजकूर लगेच पुसला जात नाही. त्यावर नवं शूटिंग होईपर्यंत तो बऱ्याचदा परत काढता येतो. फक्त ते कार्ड बाजूला ठेवायचं होतं. पण हे सांगणारं कुणी नव्हतं, आणि विचारायचं कुणाला हेही माहीत नव्हतं. एडिटर अकराला यायचे, त्यांचा नंबर माझ्याकडे नव्हता. एक्झिक्युटिव्ह प्रोड्युसरचा होता, पण पहाटे त्यांना उठवायची माझी हिंमत झाली नाही. को-ऑर्डिनेटरला व्हॉट्सॅप केला, त्यावर एकच टिक आली. पावणेसहाला मुलगा कार्डं घेऊन गेला. मी त्याला थांबवलं नाही. साडेनऊला फोन लागेपर्यंत त्या कार्डावर पुढचा सीन शूट झाला होता.

गेलेल्या तीन क्लिपमध्ये सीनचा मास्टर शॉट होता. एडिटरनी क्लोजअप आणि रिॲक्शन जोडून सीन उभा केला. मला दुपारी घरी जायला सांगितलं. प्रमाणपत्र देणार नाही म्हणाले. कॉलेजमध्ये सर माझ्या बाजूचे होते, पण ते तरी काय करणार? मी तिथं होते याचाच कागद नव्हता. माझं काम काय ठरलं होतं, रात्री एकटीनं डेटा सांभाळायचा असं कुणी सांगितलं, यातलं काहीच लिहिलेलं नव्हतं. प्लेसमेंट पुन्हा करावी लागली आणि वर्गातले सगळे पुढे गेले.

चूक माझ्या हातून झाली, ती मी नाकारत नाही. पण माझ्यावर कुणाचा हात नव्हता, आणि तो आहे की नाही हे मी जाण्यापूर्वी विचारलंही नव्हतं.

एखाद्याच्या हाताखाली शिकण्याला आपल्याकडे जुना शब्द आहे: उमेदवारी. मराठी माणसाला तर सिनेमा उमेदवारीतूनच मिळाला. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत दामले, फत्तेलाल, धायबर घडले. शांतारामबापू तिथं पडेल ते काम करत शिरले. याच मंडळींनी १९२९ मध्ये प्रभात काढली, १९३३ मध्ये ती पुण्याला नेली, आणि प्रभातच्याच जागेत १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली. पडेल ते काम त्या उमेदवारांनीही केलं. फरक एवढाच, की पेंटर स्वतः त्याच आवारात कॅमेऱ्याशी, पडद्याशी, रंगांशी झटत होते आणि उमेदवाराला ते दिसत होते. आज विद्यार्थ्याला चहा आणायला सांगितला म्हणून मी बिथरणार नाही. चहा घेऊन तो एडिट रूममध्ये जातो की बाहेरूनच परत येतो, ते मी विचारेन.

आता प्लेसमेंट बऱ्याच ठिकाणी अभ्यासक्रमातच आली आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत पदव्युत्तरच्या पहिल्या वर्षी ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण, म्हणून ४ क्रेडिट ठेवले आहेत, म्हणजे १२० तास. फेब्रुवारी उजाडला की मला फोन सुरू होतात: ताई, कुठेही लावून द्या, तास भरायचेत. "कुठेही" हा शब्द ऐकला की मला माझी ओशिवऱ्याची खोली आठवते. बारा तासांची शिफ्ट धरली तर १२० तास दहा दिवसांत संपतात. दहा दिवस डिस्क उचलण्यात घालवायचे की एका माणसाचं काम जवळून बघण्यात, हे जाण्यापूर्वीच ठरतं.

म्हणून जाण्यापूर्वी त्या माणसाचं नाव विचारा. दिग्दर्शन शिकत असाल तर कितव्या असिस्टंटबरोबर राहणार, कंटिन्युइटीवर की क्लॅपवर. साउंड असेल तर लोकेशनवर की स्टुडिओत. शक्य असेल तर त्या व्यक्तीशी आधी पाच मिनिटं बोला. तिला तुम्ही येणार हेच माहीत नसेल, तर तिथं तुम्हाला शिकवायला कुणी थांबलेलं नाही असं समजा.

मग कागद. मोठा करार नको, कंपनीच्या ईमेलवरून चार ओळी पुरतात: कधीपासून कधीपर्यंत, कोणत्या विभागात, कुणाच्या देखरेखीखाली, शिफ्ट किती तासांची, मानधन किंवा प्रवासखर्च मिळणार की नाही, श्रेयनामावलीत नाव येणार की नाही. ते द्यायला तयार नसतील तर तुम्हीच लिहून पाठवा: "आपलं फोनवर ठरल्याप्रमाणे..." आणि कॉलेजच्या मार्गदर्शकांना त्यात जोडून घ्या. उत्तर आलं नाही तरी तारीख नोंदली जाते. कॉलेजचं पत्र कायम जवळ ठेवा. मुंबईत सेटवर तंत्रज्ञांच्या संघटनांची माणसं सभासदत्वाचं कार्ड तपासायला येतात, तेव्हा तुम्ही विद्यार्थी आहात हे दाखवता आलं पाहिजे. शिकायला जागा देतो म्हणून कुणी तुमच्याकडेच पैसे मागितले, तर फोन ठेवून द्या.

रात्रीच्या कामाबद्दल मुलींनी आणि मुलांनीही स्पष्ट विचारावं. पॅकअपनंतर घरी सोडणार कोण? सेटवर स्वच्छतागृह आहे का? हे विचारायला लाजू नका. मल्याळम चित्रसृष्टीवरचा हेमा समितीचा अहवाल २०२४ मध्ये बाहेर आला, त्यात कपडे बदलायला आणि लघवीला जागा नसल्याच्या तक्रारी आहेत. लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा प्रशिक्षणार्थी मुलींनाही लागू आहे, पगार नसला तरी. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथं अंतर्गत समिती असायलाच हवी. लहान युनिट असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तक्रार तीन महिन्यांच्या आत करायची असते. "तू तर इंटर्न आहेस" असं म्हणून कुणी परत पाठवलं, तर ते खोटं आहे.

आणखी एक. प्रक्षेपित न झालेलं फुटेज शो-रीलसाठी पेन ड्राइव्हवर घेऊ नका. काय दाखवता येईल ते लिहून मागा. तसंच, गप्पांच्या ओघात आपली पटकथा कुणाच्या हाती देऊ नका. लेखकांच्या संघटनेचं सभासद होऊन ती आधी नोंदवता येते.

माझी दुसरी प्लेसमेंट पुण्यात झाली, माहितीपट करणाऱ्या एका एडिटरकडे. एरंडवण्यातली दहा बाय दहाची खोली. त्यांनी पहिल्याच दिवशी मला दोनशे पानी वही दिली. एखादा प्रसंग कापायला घेण्याआधी ते मला तो एकदा दाखवायचे, आणि मी कुठे कापेन तो टाइमकोड वहीत लिहायला लावायचे. मग ते कापायचे आणि आम्ही दोन्ही ताडून बघायचो. बोलणं संपलं की मी लगेच कापत असे. पडद्यावरच्या बाईनं वाक्य संपवून पदर सावरलेला असायचा, तो क्षण मला फुकट वाटायचा. एकदा त्यांनी तिथं आठ फ्रेम जास्त ठेवल्या. सेकंदाला पंचवीस फ्रेम, म्हणजे एका सेकंदाचा तिसरा भागसुद्धा नाही. तेवढ्यात तिचा हात पदरावरून खाली आला आणि ती अजून काही बोलणार होती हे दिसलं. तीन आठवड्यांनी माझे आणि त्यांचे टाइमकोड अधूनमधून जुळायला लागले. ती वही माझ्याकडे आहे. आजही प्लेसमेंटला निघालेल्या प्रत्येकाला मी रोज रात्री एक पान लिहायला सांगते: आज कुणाला काय करताना पाहिलं आणि त्यानं ते तसंच का केलं. सलग तीन दिवस पान कोरं राहिलं, तर कॉलेजच्या सरांना फोन करा. सरांनीही निम्म्या वाटेवर एकदा जाऊन यावं, आणि नुसतं ऑफिस बघून परत फिरू नये.

आता माझ्या स्वतःच्या एडिट रूममध्ये वर्षाला दोन विद्यार्थी येतात, दोनपेक्षा जास्त घेत नाही. डेटा त्यांनी एकट्यानं कधीच उतरवायचा नाही असा नियम आहे, आणि मशीनच्या काठावर माझा नंबर जाड अक्षरात चिकटवलेला आहे. गेल्या पावसाळ्यात पहाटे चारला फोन वाजला. आमचा असिस्टंट तापानं घरी गेला होता आणि लातूरची मुलगी एकटीच राहिली होती. नियम मोडला होता, आणि तो मोडू दिल्याचा दोष माझा होता. तिचा आवाज कापत होता.

"ताई, शीटवर ८६ आहेत. माझ्याकडे ८४ येतायत."

"कार्डाला हात लावू नकोस. कुणी न्यायला आलं तर देऊ नकोस, माझं नाव सांग. मी निघाले."

पाऊण तासात पोचले. ती कार्ड मुठीत धरून बसली होती. आम्ही एकेक क्लिप शीटशी ताडून पाहिली. कॅमेरा असिस्टंटनं दोन रद्द टेक मोजणीत धरले होते, क्लिप ८४ च होत्या. मी कॅमेरा विभागाला निरोप पाठवला, तिनं शीटवर आकडा सुधारून खाली सही केली, आणि आम्ही दोघी चहाला खाली उतरलो.