कावळा एकाच मुलावर का धावला?

काही वर्षांपूर्वी, जूनमध्ये शाळा उघडताच, आपल्या वसतिगृहातील सहावीच्या एका विद्यार्थ्यावर कावळा झडप घालू लागला. आवारात मुले शेकड्यांनी, चोच मात्र त्याच्याच डोक्यावर. तिसऱ्या दिवशी त्याची आजी वेरूळला आली. "कावळा डोक्याला शिवला, सर. पोराला घरी नेते. आता काही खरं नाही." श्राद्ध आणि पिंडदान आपण १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला सोडले; कावळ्याची भीती मात्र कित्येक घरांत मागे राहिली. मध्येच घरी नेलेले मूल परत येईलच, याची शाश्वती नसते. मी आजींकडे चार दिवस मागून घेतले.

मी इतिहासाचा विद्यार्थी, पक्षिशास्त्राचा नव्हे. साक्ष कशी टिपावी एवढे मात्र ठाऊक होते. मुलांना एक वही दिली: वेळ, जागा, कोण होते, कावळ्याने काय केले. 'का केले' हा रकाना मुद्दाम ठेवला नाही. दोन दिवसांतच दिसले की झडप फक्त पाण्याच्या टाकीजवळच्या कडुनिंबाखाली पडते. तिसऱ्या दिवशी त्या मुलाने तोंडाला टॉवेल गुंडाळला. कावळा फांदीवरून हललाही नाही. तेव्हा मुलाने हळूच सांगितले की, पहिल्या दिवशी त्याने झाडाखाली पडलेले पिल्लू उचलून भिंतीवर ठेवले होते.

उन्हाळ्याच्या अखेरीस कावळ्यांची पिल्ले घरट्याबाहेर पडतात, पण काही दिवस त्यांना धड उडता येत नाही. नर-मादी दोघेही त्यांना राखतात. मुलाने केली ती दया; कावळ्याला दिसला तो चोर. आणि कावळा चेहरा विसरत नाही. अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथे जॉन मार्झलफ यांनी २००६ मध्ये आदिमानवाचा मुखवटा घालून सात कावळे पकडले आणि सोडून दिले. पुढे कित्येक वर्षे तो मुखवटा घालणाऱ्या कोणावरही तेथील कावळे कलकलाट करीत. कधीही न पकडलेले कावळेदेखील त्यात सामील होत. त्यांची जात आपल्या गावकावळ्याहून वेगळी, स्वभाव मात्र तोच दिसतो.

नेहमीच्या पक्ष्याकडे असे नेटाने पाहणे महाराष्ट्राला नवे नाही. सुगरणीचा खोपा कोकणात कोणी पाहिला नव्हता? तरी सलीम अली १९३० मध्ये अलिबागजवळच्या किहीमला तिच्या वसाहतीसमोर दिवसेंदिवस बसले, तेव्हा कळले की खोपा विणतो तो नर. मादी अर्धवट खोपा पारखून पसंत करते; मग नर तो पुरा करतो आणि दुसऱ्या मादीसाठी नवा विणू लागतो. आपण अजूनही सारे श्रेय 'सुगरणी'लाच देतो, हे जाता जाता.

चौथ्या दिवशी आजी आल्या. नातवाने त्यांना वही वाचून दाखवली, भिंतीवरचे पिल्लूही दाखवले. "राहू द्या पोराला," त्या म्हणाल्या. जाताना कडुनिंबाखाली आल्यावर मात्र त्यांनी डोक्यावरचा पदर पुढे ओढून घेतला.