तिला कोणी सांगितले असेल?

शास्त्रभाग : मार्क ५:२५-३४



बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेल्या स्त्रीची गोष्ट आपल्या परिचयाची आहे. अनेक वैद्य झाले, जवळचे सर्व खर्च झाले, दुखणे मात्र वाढतच गेले. तिच्या विश्वासावर आपण पुष्कळ संदेश ऐकतो. पण मार्क आणखी एक लहानशी गोष्ट नोंदवतो. येशूविषयी तिच्या कानावर आले होते, म्हणून ती गर्दीत शिरली. तिला ते कोणी सांगितले? नाव दिलेले नाही. आजचा पाठ त्या निनावी सांगणाऱ्याविषयी आहे.

सातपुड्यातील एका पाड्यावर मला अशीच एक भगिनी भेटली. पाळी बंद होऊन चार वर्षे झाली होती, तरी पुन्हा अंगावरून जाऊ लागले. तिने जावेला विचारले. जाऊ म्हणाली, "उष्णता असेल." मग भगताचा पाला झाला. दवाखान्यात डॉक्टर पुरुष आणि सोबत दीर, म्हणून तिने फक्त कंबरदुखी सांगितली. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग आहे हे कळेपर्यंत आठ महिने गेले, बैलजोडीही विकली गेली. शहरात उपचारांचा कागद मिळाला, पण तिला वाचता येत नव्हते. किरणांचा शेक म्हणजे काय, हे तिने शेजारच्या खाटेवरील बाईला विचारले.

यातून आपण काय शिकावे?

१. बाई आधी विश्वासाच्या माणसाला विचारते. जाऊ, शेजारीण, आशाताई यांना खरी माहिती असेल तर पुढची वाट सरळ होते.

२. तिचे प्रश्न वेगळे असतात. हा शाप आहे का? माझ्या स्पर्शाने मुलांना होईल का? दोन्हींचे उत्तर स्पष्ट आहे : नाही. कोणाला सर्व एकदम ऐकायचे नसते. किती सांगू, हे आधी तिलाच विचारावे.

३. वेळेवरची माहिती जीव वाचवते. या कर्करोगाचे मुख्य कारण एचपीव्ही हा विषाणू आहे, आणि रोग बळावायला बहुधा अनेक वर्षे लागतात. पाळी गेल्यावर, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा पतिपत्नी-संबंधानंतर रक्त जाणे, दुर्गंधीयुक्त पाणी जाणे, ही लक्षणे दिसताच तपासणी करावी. लक्षणे नसली तरी तिशीनंतर तपासणी हवी. १९९८ मध्ये टाटा स्मारक रुग्णालयाने मुंबईच्या वस्त्यांत सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. तेथे डॉक्टरांनी नव्हे, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी सौम्य ॲसेटिक ॲसिड लावून तपासणी केली. तपासणी झालेल्या वस्त्यांत या रोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी आढळले.

याईराच्या घरी निकड होती, तरी प्रभू त्या स्त्रीसाठी थांबला. तिला सर्व खरे सांगू दिले आणि मुलगी म्हणून हाक मारली. आपल्या भेटींत इतका वेळ असतो का?

त्या भगिनीचे उपचार पूर्ण झाले आहेत. ती तपासणीला नियमित जाते, आणि जाताना पाड्यावरील एक-दोघींना सोबत नेते.

महिला सभेत चर्चेसाठी :
• आपल्या मंडळीत अशा दुखण्याविषयी बाई कोणाशी बोलू शकते?
• दवाखान्यात तिच्यासोबत आत जाणारी स्त्री कोण असेल?

प्रार्थना : हे प्रभू, आम्हांला ऐकणारे कान आणि खरे सांगणारी जीभ दे. आमेन.