गोडं लागलं म्हणून पिऊ नकोस, मनू

मनू, नव्या बोअरला गोडं पाणी लागलं म्हणालीस, ऐकून बरं वाटलं. खारपाणपट्ट्यात दिलेल्या पोरीला गोड्या पाण्याचं मोल काय असतं, ते मला सांगायला नको. पण परी अवघी तीन महिन्यांची आहे आणि तिला वरचं दूध सुरू आहे. म्हणून ऐक माझं, तपासणीचा रिपोर्ट हातात येईपर्यंत ते पाणी तिच्या बाटलीत घालू नकोस.

जिभेला खारेपणा तेवढा कळतो, फ्लोराइड आणि नायट्रेट कळत नाहीत. यवतमाळकडे पांढरकवड्याच्या भागात बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडने मुलांचे दात पिवळे-तपकिरी झालेत. कितीही घासले तरी ते डाग जात नाहीत, कारण दात हिरडीत घडत असतानाच ते धरतात. लिटरमागे १ मिलिग्रॅमच्या आत फ्लोराइड हवं. दुसरी सोयच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. नायट्रेटला ४५ च्या पुढे तेवढीही सवलत नाही. उकिरडा, गोठा, शोषखड्डा, शेतातला युरिया, सगळीकडून ते झिरपतं. तान्ह्या बाळाच्या रक्ताला मग प्राणवायू नीट वाहून नेता येत नाही, बाळ निळसर पडतं. सासूबाई म्हणतील, उकळून दे. त्यांना समजावून सांग, उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. पाणी आटेल तसं ते उलट वाढतं.

नमुना तू स्वतः घे, गड्यावर सोपवू नकोस. मोटार लावून दहा-पंधरा मिनिटं पाणी वाहू दे, म्हणजे पाइपात साचलेलं निघून जाईल. लिटरभराची स्वच्छ प्लास्टिकची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळ, साबण लावू नकोस, आणि काठोकाठ भरून बूच घट्ट लाव. वर चिठ्ठी डकव: गाव, गट नंबर, बोअरची खोली, तारीख. जंतूंच्या तपासणीची निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेतूनच आण. ती मात्र विसळायची नाही, वर थोडी रिकामी ठेवायची आणि बर्फात घालून २४ तासांच्या आत पोचवायची. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची प्रयोगशाळा जिल्ह्याच्या गावी आहे.

शेतीचा नमुना वेगळा दे, आणि "ओलितासाठी" असं स्पष्ट सांग. पिण्याच्या रिपोर्टवरून जमिनीचं कळत नाही. जावईबापू नुसता ईसीचा, म्हणजे खारेपणाचा, आकडा बघतील. तो २२५० च्या वर गेला तर पाणी फारच खारं. पण मला जास्त भीती आरएससीची, म्हणजे पाण्यात उरणाऱ्या सोड्याची, वाटते. पाणी चवीला गोडं असूनही त्यात सोडा जास्त आणि कॅल्शियम-मॅग्नेशियम कमी असू शकतं. हा आकडा २.५ च्या पुढे असेल तर ते पाणी ओलिताला नकोच, १.२५ पासूनच जपून. आपली काळी जमीन अशा पाण्याने चोपण होते. पाऊस पडला की वर पाणी तुंबतं, वाळली की ढेकूळ फुटता फुटत नाही, आणि एकदा बिघडलेली जमीन सुधारायला वर्षं जातात. एसएआर, म्हणजे सोडियमचं प्रमाणही बघून घ्या. अकोल्याच्या कृषी विद्यापीठात पाण्याबरोबर मातीही तपासून घ्या, आणि जिप्सम किती टाकायचं ते त्या आकड्यावरून ठरवा, दुकानदाराच्या तोंडी हिशेबावर नको. हे सगळं होईपर्यंत मिरचीच्या ठिबकचे पैसे भरू नका, एवढं माझं ऐकाच.

आणखी एक. जलजीवन मिशनमध्ये गावोगावच्या पाच बायांना पाणी तपासायचं किट वापरायला शिकवतात. ग्रामपंचायतीत विचार, आणि जागा असली तर तुझं नाव दे. तू बारावी सायन्स केलेली, तुला ते सहज जमेल.

रिपोर्टचा फोटो मला पाठव, आपण फोनवर एकेक आकडा वाचू. तोवर परीसाठी नळयोजनेचं पाणी उकळून वापर. आणि हा नमुना पावसाळ्याआधीचा आहे, तेव्हा नवरात्राच्या सुमारास दुसरा द्यायचा. मी आठवण करीनच.