लेंकराचे पहिले बोल

मूल बोलूं लागलें कीं घरांत आनंद होतो, आणि तो योग्यच आहे. परंतु बोलण्यापूर्वीं जें वर्षभर तें नुसतें ऐकत असतें, त्या वर्षाकडे आपलें लक्ष क्वचितच जातें. परभणी जिल्ह्यांतील कोणत्याही खेड्यांत सकाळीं जावें. चुलीपाशीं ज्वारीची भाकरी थापणारी माय आठ महिन्यांच्या लेंकराकडे अर्धवट पाहत म्हणत असते, “कोन हाय गं तिकडं? काऊ आला का?” आणि तें लेंकरूं “बाबाबा” असें उत्तर देतें. मग ती म्हणते, “आला? बरं झालं.” तिला वाटतें, आपण केवळ भाकरी करीत आहों, पण ह्याच वेळीं तिची शाळा भरलेली असते.

मूल आधीं समजतें आणि मग बोलतें, हा क्रम ध्यानांत ठेवावा. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यांत तें हुंकार देऊं लागतें. सहाव्या महिन्यापासून दहाव्यापर्यंत केव्हां तरी ‘बाबाबा’, ‘ममम’ अशीं अक्षरें लागोपाठ उच्चारितें. ओंठ मिटून उघडले कीं प, ब, म हे वर्ण सहज निघतात, म्हणून ते लवकर येतात. र, ळ, ण ह्यांना जीभ उचलावी व वळवावी लागते, म्हणून रामाचा ‘लामा’ पुष्कळ दिवस टिकतो. वर्षाच्या सुमारास पहिला खरा शब्द येतो: ‘माय’, ‘मम’, ‘हम्मा’, ‘दे’. दुसरें वर्ष पुरें होतां होतां बहुतेक मुलांजवळ पन्नासावर शब्द असतात, आणि तीं दोन शब्द जोडूं लागतात: ‘मम दे’, ‘दादा गेला’, ‘दूध नको’. मुलामुलांत दोन-चार महिन्यांचें अंतर पडतेंच. शेजारणीच्या मुलाशीं माप लावीत बसूं नये.

ह्यापुढील चुका ऐकण्यासारख्या असतात. मूल ‘केलं’ ऐवजीं ‘करलं’ म्हणतें. हा शब्द त्याला घरांत कोणींही शिकविलेला नाहीं. ‘धरलं’, ‘भरलं’, ‘मारलं’ हे शब्द ऐकून त्यानें आपल्या मनानें नियम शोधिला आणि तो लावून पाहिला. व्याकरणकारही ह्याहून निराळें काय करितात? तसेंच, दिवसभर माय आणि आजी ह्यांच्याजवळ असणारा दोन वर्षांचा मुलगा ‘मी आले’, ‘मी जाते’ असें म्हणतो, कारण ‘मी’च्या पुढें त्याच्या कानीं बहुधा तेंच रूप पडलेलें असतें. अशा वेळीं बाप “बाई झालास का रे?” म्हणून हंसतो आणि सारें अंगण हंसतें. दोन-तीनदां असें झालें म्हणजे मुलगा बोलण्यापूर्वीं मोठ्यांच्या तोंडाकडे पाहूं लागतो. त्यापेक्षां बापानें एवढेंच म्हणावें, “आलास? मी बी आलो बघ.” चूक दाखविली नाहीं, आणि बरोबर रूप तर कानीं पडलें. (आमच्या बाजूला पुष्कळ घरीं थोर माणसेंही ‘पानी’ म्हणतात. लेंकरानें तसें म्हटलें तर ती त्याची चूक नव्हे. ती त्याच्या घरची बोली आहे. ‘पाणी’ तें शाळेंत जाऊन शिकेल.)

शब्द कानावर पडणें एक आणि कोणी आपल्याशीं बोलणें दुसरें. अमेरिकेंत पॅट्रिशिया कूल व त्यांचे सहकारी ह्यांनीं २००३ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. इंग्रजी घरांतील नऊ महिन्यांच्या कांहीं मुलांशीं चिनी भाषा बोलणारीं माणसें बारा बैठकी खेळलीं व त्यांना पुस्तकें वाचून दाखवितीं झालीं. तीं मुलें चिनी ध्वनींतील बारीक भेद ओळखूं लागलीं. दुसऱ्या मुलांना त्याच माणसांचीं चित्रें व बोलणीं दूरदर्शनाच्या पडद्यावर दाखविलीं. तीं कांहींच शिकलीं नाहींत. आज खेड्यांतही रडणाऱ्या मुलाच्या हातीं मोबाईल देतात व तें गप्प बसलें म्हणून समाधान मानितात. मोबाईल मुलाच्या ‘बाबाबा’ला उत्तर देत नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं असें सांगितलें आहे कीं, दोन वर्षांच्या आंतील मुलाला पडद्यापुढें बसवूं नये, आणि पुढेंही चार वर्षांपर्यंत दिवसाकांठीं एक तासाहून अधिक वेळ नको.

येथें एक गंभीर गोष्ट सांगितली पाहिजे. ‘बाप बी उशिराच बोलला’ असें म्हणून कित्येक घरीं तीन-चार वर्षें वाट पाहतात, वेखंड उगाळून चाटवितात, आणि शेवटीं असें दिसून येतें कीं लेंकराला ऐकूंच येत नव्हतें. ताट वाजविल्यावर तें दचकलें म्हणून त्याचे कान चांगले आहेत असें समजूं नये. मोठा आवाज किंवा जमिनीचा हादरा कमी ऐकूं येणाऱ्या मुलालाही कळतो. त्याच्या पाठीमागें, त्याला न दिसतां, हलक्या आवाजांत नांव घेऊन पाहावें. वर्ष झालें तरी अक्षरांची बडबड नाहीं, दीड वर्ष झालें तरी एकही शब्द नाहीं, दोन वर्षें झालीं तरी दोन शब्दांची जोड नाहीं, किंवा आलेले शब्द पुन्हां नाहींसे झाले, तर वाट न पाहतां डॉक्टरांस दाखवावें. कान वाहत असेल तर त्यांत तेल घालूं नये. २०१३ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचें पथक वर्षांतून दोनदां अंगणवाडींत येऊन मुलें तपासतें. त्या दिवशीं लेंकरूं शेतावर नेऊं नये. बहिरेपणा पहिल्या वर्षांत कळला तर यंत्राच्या साहाय्यानें वाचा येण्याची आशा पुष्कळ असते. चौथ्या वर्षीं कळला तर ती फार कमी उरते.

आतां वर्तनाविषयीं. तेंही मूल ह्याच वाटेनें शिकतें, आणि त्याचा पहिला धडा बहुधा आपणच बिघडवितों. बैल अडला म्हणजे बाप त्याला शिवी देतो. दोन वर्षांचें पोर तीच शिवी बोबड्या बोलांत कोंबडीला देतें. ओसरीवरचे सारे पोट धरून हंसतात, काका म्हणतो, “म्हन रं, आनिक एकदा म्हन.” पोर दहादां म्हणतें. पंधरा दिवसांनीं पाहुण्यांसमोर तेंच म्हणतें आणि त्याच्या गालांत बसते. शब्द तोच, हंसूही त्यावर आणि मारही त्यावर! ह्यांतून बऱ्यावाइटाचा भेद त्याला कळत नाहीं. मोठ्यांच्या लहरीचा कळतो. शिवी पहिल्यांदा आली तेव्हां कोणींही हंसलें नसतें, मुलाला “कोंबडीला हुश म्हणावं” एवढें सांगितलें असतें, आणि बापानेंही बैलापुढें तोंड आवरलें असतें, तर चार दिवसांत ती विसरली असती. बापानें आवरणें हेंच ह्यांत अवघड आहे, हें आम्ही जाणतों.

दीड ते अडीच वर्षांच्या मध्यें ‘नको’चा सुकाळ होतो. अंघोळ नको, भाकर नको, झोंप नको. ही उद्धटाई नव्हे. आपणही एक निराळें माणूस आहों हें त्याला नुकतेंच कळलें आहे, आणि तें सांगावयास त्याच्याजवळ हा एकच शब्द आहे. तेव्हां ‘जेवतोस का?’ असें विचारूं नये. ‘दुधांत कुस्करून देऊं, कां वरणांत?’ असें विचारावें. ‘बागुलबुवा येईल’ ही धमकी मात्र सोडून द्यावी. ती चार दिवस चालते, आणि पुढें तेंच लेंकरूं रात्रीं अंधारांत पाऊल टाकीत नाहीं.

अंगणवाडींतील शिकवणें तिसऱ्या वर्षानंतरचें. त्यापूर्वींचें सारें घरींच होतें. म्हणून ज्या घरांतून मायबापच अर्धें वर्ष दूर असतात, त्यांचा विचार केल्यावांचून राहवत नाहीं. गंगाखेड, सोनपेठ ह्या बाजूच्या खेड्यांतून दिवाळीच्या सुमारास टोळ्या ऊंसतोडीला निघतात. कांहीं मुलें कोपीवर जातात, कांहीं आजीजवळ राहतात. निघतांना लेंकरूं झोंपेंत असतां चोरून जाऊं नये. रडलें तरी चालेल, पण “आम्ही ऊंस तोडाया जातो, आजी तुझ्यापाशी हाय” हें त्याला सांगून जावें; सगळें समजत नसलें तरी आवाज समजतो. चोरून गेल्यावर पुढें आजी विहिरीवर गेली तरी तें किंचाळूं लागतें. संध्याकाळीं फोन आला म्हणजे ‘बोल, बोल’ म्हणून तगादा लावूं नये. मायनेंच चार वाक्यें बोलावीं, त्याचें नांव घ्यावें, कोपीवरच्या कुत्र्याची गोष्ट सांगावी. आणि आजीनें दिवसांतून एकदां ती गोष्ट पुन्हां काढावी.

चैत्र-वैशाखांत माय परतते तेव्हां दीड वर्षांचें लेंकरूं आजीच्या लुगड्यामागें लपतें, आजीलाच ‘माय’ म्हणतें, आणि त्या बाईच्या काळजाचें पाणी होतें. तिनें त्याला ओढून कुशींत घेऊं नये, आणि आजीनेंही “ही तुझी माय, हिला ओळखत न्हाईस?” असें म्हणून त्याला लाजवूं नये. मायनें तेथेंच अंगणांत बसावें, सुपांत ज्वारी घेऊन निवडीत राहावें, आणि मधून मधून कोपीवरच्या कुत्र्याविषयीं कांहीं बोलावें. बहुधा दिवस मावळण्यापूर्वीं लेंकरूं सुपाशीं येतें, एक दाणा उचलतें आणि म्हणतें, “भूभू?”