जानोजींचे ३२ लाख

आसेगाव, जि. वाशीम

चि. भाच्यास,

बाजार समितीत समोरच्या गटाने तुला उपसभापतिपद देऊ केलं आहे, असं ताईकडून कळलं. होकार कळवण्याआधी, याच वऱ्हाडात ज्यांचा अंमल होता त्या जानोजी भोसल्यांची हकीकत वाच.

१७६१ साली पानिपत झालं, नानासाहेब पेशवे गेले आणि पुण्यात चुलत्या-पुतण्याची भाऊबंदकी पेटली. गादीवर कोवळे माधवराव, कारभारासाठी हटून बसलेले राघोबा. नागपूरचे सेनासाहेबसुभा जानोजी १७६२ मध्ये राघोबांच्या बाजूने गेले. पुढच्याच वर्षी निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर याने साताऱ्याचा कारभार त्यांच्या हाती देण्याची लालूच दाखवली. जानोजी फिरले. निजामाच्या फौजेबरोबर त्यांनी पुणं लुटलं, जाळलं.

मग माधवरावांकडून ३२ लाखांच्या मुलखाचं वचन आलं आणि जानोजी निजामापासून अलग झाले. १० ऑगस्ट १७६३ रोजी राक्षसभुवनच्या लढाईत निजाम गोदावरीपलीकडे उतरलेला, विठ्ठल सुंदर अलीकडे अडकलेला. तो तिथेच मारला गेला.

एकट्या जानोजींना नावं ठेवू नकोस. आळेगावला खुद्द राघोबांनी पुतण्याविरुद्ध निजामाची मदत घेतली होती. शिवाय नागपूरकर स्वतःला पेशव्यांचे नव्हे, छत्रपतींचे सरदार मानत. जानोजींच्या पदरी देवाजीपंत चोरघडे होते, साडेतीन शहाण्यांपैकी एक. सल्ल्याची वाण नव्हती.

तरीही काय झालं? राक्षसभुवनला एकमेकांचं रक्त सांडलेले पेशवे आणि निजाम १७६६ मध्ये हातमिळवणी करून जानोजींवर चालून आले. जानोजींच्या शब्दावर दोघांचाही भरवसा उरला नव्हता, असंच मला वाटतं. ३२ पैकी २४ लाखांचा मुलूख सोडावा लागला. १७६८ मध्ये जानोजींनी पुन्हा राघोबांची कड घेतली. राघोबा धोडपला हरून कैदेत पडले. माधवराव वऱ्हाडात शिरले, नागपूर लुटलं गेलं. मार्च १७६९ च्या कनकापूरच्या तहात उरलेले ८ लाखही गेले. फौज वाढवायची तर पेशव्यांना विचारून. दिल्ली, इंग्रज, निजाम यांच्याशी परस्पर बोलणी बंद.

इंग्लंडातही असंच घडलं: वॉरिकच्या अर्लने १४६१ मध्ये चौथ्या एडवर्डला गादी मिळवून दिली, १४७० मध्ये त्यालाच हुसकावलं आणि १४७१ मध्ये बार्नेटच्या लढाईत तो मेला. जानोजी जिवानिशी वाचले, एवढाच फरक.

आणि आपली रयत? वऱ्हाडात दुअमली होती. निजामाचा वसूल वेगळा, भोसल्यांचा वेगळा. वर फौजा येत-जात, त्यांचे घोडे उभ्या पिकात शिरत. कोणता सरदार कोणाकडे गेला याचा हिशेब शेवटी कुणब्याच्या खळ्यावर होई.

गट बदलूच नकोस, असं माझं म्हणणं नाही. सोयाबीन घेऊन आलेल्या शेतकऱ्याचं माप आणि चुकारा वेळेवर होण्यासाठी तू जात असशील, तर मी तुझ्या पाठीशी आहे. नुसत्या खुर्चीसाठी असेल तर जाऊ नकोस. पोळ्याला घरी ये. पण येण्याआधी, तुला देऊ केलेलं पद समोरच्या गटाचे लोक कोणाकडून काढून घेणार आहेत, तेवढं त्यांना विचार.

तुझा,
मामा