करिंथातील सोबती

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये १८:१-५

करिंथात पौल आला तो एकटाच. अथेनैत काहींनी त्याच्या उपदेशाची थट्टा केली होती (१७:३२). करिंथात आपण अशक्त, भ्यालेले व थरथर कापत होतो, असे पुढे त्याने स्वतःच लिहिले आहे (१ करिंथ २:३). पौल म्हणजे सदा पेटलेली मशाल, अशी आपली समजूत असते. लूक तसे चित्र काढीत नाही.

त्याला तेथे प्रथम भेटले ते अक्विल्ला व प्रिस्किल्ला. क्लौद्याच्या हुकुमाने रोम सोडावे लागलेले हे जोडपे. लूक त्यांच्या विश्वासाविषयी येथे काहीच सांगत नाही. सांगतो ते एवढेच की, त्यांचा धंदा एक होता, तंबू करण्याचा. ज्यांचे स्वतःचे घर सुटले होते, त्यांनीच पौलाला घर दिले.

पाचव्या वचनात सीला व तीमथ्य मासेदोनियाहून येतात आणि पौलात बदल दिसतो. मूळ ग्रीक शब्द ‘सुनेखो’ : धरून ठेवणे, चहूकडून दाबणे. लोकसमुदाय प्रभूला चेंगरीत होता तेथे (लूक ८:४५), तसेच ख्रिस्ताची प्रीती आम्हांला आवरून धरते असे पौल म्हणतो तेथेही (२ करिंथ ५:१४) हाच शब्द आहे. काही हस्तलिखितांत पौल ‘आत्म्यात’ असा व्यापला होता असे आहे, पण जुन्या प्रतींत ‘वचनाने’ असा पाठ आहे व तोच ग्राह्य वाटतो.

मासेदोनियाच्या बंधूंनी त्याची गरज भागवली (२ करिंथ ११:९), म्हणून तंबूंचे काम कमी करता आले, हे स्पष्टीकरण खरेच आहे. मला मात्र तीमथ्याने आणलेली वार्ता अधिक वजनदार वाटते : थेस्सलनीकाकर स्थिर आहेत हे ऐकून आपल्यात जीव आला, असे पौल सांगतो (१ थेस्स. ३:६-८). आणि सीला! फिलिप्पैत पाठीवर छड्या खाल्लेला हा मनुष्य दारात उभा राहिला, तेव्हा त्याने काही बोलण्याची गरज होती काय?

रायपूरच्या गुढियारी भागात आम्ही छत्तीसगढी भाषांतरासाठी बसतो. या वचनाशी आलो तेव्हा माझे मन कोरडे पडले होते. प्रभूच्या कामातही कंटाळा शिरतो, हे कबूल करावयास लाज वाटते. मी एक भारदस्त संस्कृत शब्द लिहून पुढे सरकलो. आमच्या सहकारी भगिनींचे शिक्षण माझ्याहून पुष्कळ कमी. पण प्रत्येक ओळ त्या मोठ्याने वाचतात. त्या थांबल्या. “गुरुजी, मोर दाई अइसन नइ गोठियावय.” माझी आई असे बोलत नाही! मग पौल काय करीत होता, असे मी जरा त्रासूनच विचारले. त्या म्हणाल्या, “भिड़े रहिस.” कामात अंग घालून गढलेल्या माणसाविषयी इकडे असेच बोलतात. माझा शब्द मी खोडला, आणि त्या आठवड्यात मागील तीन अध्याय पुन्हा वाचावयास काढले.

याच संदर्भात विल्यम केरींची आठवण होते. त्यांचे मराठी व्याकरण १८०५ साली, मोडी लिपीतील कोश १८१० साली व मराठी नवा करार १८११ साली श्रीरामपूर येथे छापला गेला. फोर्ट विल्यम कॉलेजातील मुख्य मराठी पंडित वैजनाथ यांचे साहाय्य केरींनी व्याकरणाच्या प्रस्तावनेत नमूद केले आहे. ती मराठी नागपूरकडच्या वळणाची म्हणून पुढे मुंबईकडे तिच्यावर टीका झाली. त्या काळी हे रायपूरही नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होते. म्हणून मला ती टीका वाचताना थोडे हसू येते. वैजनाथांनी पुढे सिंहासनबत्तिशी व हितोपदेश मराठीत आणले. केरी बंगालात बसून मराठी लिहीत होते. ती कोणाच्या कानाला कशी लागेल, हे त्यांना रोज सांगणारा मनुष्य शेजारी होता.

आपल्या कचेरीत, शाळेत, दवाखान्यात असा कोणी असेल तर त्याचे नाव प्रार्थनेत घेतले आहे काय? मी अनेक वर्षे घेतले नव्हते. उद्या सहावे वचन आहे. पौल कपडे झटकतो ते. भगिनींनी माझ्या मसुद्यात पेन्सिलीने आधीच एक खूण करून ठेवली आहे.