खरेदी थांबली, पण मेन स्विच कोणाच्या हातात?

व्हिडिओत हे उदाहरण घाईत झालं, म्हणून इथे नीट सांगतो.

लिथुआनिया, लाटविया, एस्टोनिया. तिघांनी 2022 मध्येच रशियाकडून वीज घेणं थांबवलं. तरी त्यांच्या ग्रिडची फ्रिक्वेन्सी मॉस्कोतूनच सांभाळली जायची, कारण जाळं सोव्हिएत काळातलं. म्हणजे बिल शून्य, पण मेन स्विच दुसऱ्याकडे!

एकेकट्याला हे सुटणारं नव्हतं. पोलंडने लाइन दिली, युरोपियन युनियनने सुमारे 75 टक्के खर्च उचलला. फ्रिक्वेन्सी 50 हर्ट्झवर स्थिर ठेवायला मोठी फिरती यंत्रं बसवली. ती इंधन जाळत नाहीत, त्यामुळे पवन आणि सौर वीज वाढवणंही सोपं झालं. 8 फेब्रुवारी 2025 ला जुनी जोडणी तोडली, 9 तारखेला युरोपची जोडली. मधल्या वेळेत तिघांनी स्वतःच्या जोरावर ग्रिड चालवून दाखवलं. मला विचाराल तर खरी परीक्षा तीच.

आता तुमचं बघा. सप्लायर बदललात, छान. पण तुमचा साचा अजून जुन्याच कारखान्यात पडलाय का? वेबसाइटचा पासवर्ड कोणाकडे आहे? खरेदीच्या बिलात हे दिसत नाही बरं का! वही काढा, अशा गोष्टी लिहा, आणि शेजारी लिहा: हे सोडवायला कोणाला सोबत घेता येईल?